ट्रॅक्टरच्या पुढील चाकांचे बॉल जॉइंट : तपासणी, बदल व चाकांची जुळवणी

आपल्याकडे ट्रॅक्टर आता केवळ नांगरणीचे यंत्र राहिलेला नाही. ऊस, कापूस, कांदा, खत, वाळू, पाण्याच्या टाक्या अशी सर्व ओढ ट्रॅक्टरवरच चालते. वर्षातील कामाचे बरेचसे तास ट्रॅक्टर शेतात नसून रस्त्यावर असतो. शेतात ट्रॅक्टर ताशी चार-पाच कि.मी. वेगाने चालतो. तेथे स्टिअरिंगमध्ये थोडी ढिलाई असली तर फार तर सरी वाकडी होते. रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीसह ताशी २५ कि.मी. वेगाने जाताना तीच ढिलाई जिवावर बेतू शकते. या वेगात ट्रॅक्टर दोन सेकंदांत सुमारे १४ मीटर पुढे जातो. कालव्याच्या भरावावरील अरुंद रस्त्यावर सावरण्यासाठी एवढी जागा मिळत नाही.

पुढील चाके वळविण्याचे काम ज्या सांध्यांमार्फत होते त्यांना बॉल जॉइंट म्हणतात. इंजिन, गिअर पेटी, हायड्रॉलिक यांची निगा बहुतेक शेतकरी बंधू मनापासून राखतात. परंतु मुठीएवढ्या या सांध्यांकडे ते खळखळ वाजू लागेपर्यंत लक्ष जात नाही. बॉल जॉइंट सहसा अचानक तुटत नाही. तो अनेक आठवडे आधी सूचना देतो. ती सूचना ओळखता आली, तर साधी हत्यारे व एक मदतनीस यांच्या साहाय्याने घरच्या अंगणात अर्ध्या दिवसात जॉइंट बदलता येतो. या कामाची माहिती प्रस्तुत लेखात क्रमवार दिली आहे.

बॉल जॉइंटची रचना

एका पोलादी वाटीत गोळा बसविलेला असतो. गोळ्यापासून एक निमुळता स्टड बाहेर आलेला असतो. हा स्टड स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या छिद्रात घट्ट बसतो. त्याच्या टोकाला खाचा असलेला नट असतो, त्याला मेकॅनिक कॅसल नट म्हणतात. नट सैल होऊ नये म्हणून त्याच्या खाचेतून व स्टडच्या छिद्रातून स्प्लिट पिन घातलेली असते. वाटीची दुसरी बाजू आट्यांनी टाय रॉडमध्ये बसते व चेक नटने किंवा क्लॅम्पने पक्की केलेली असते. गोळ्यावर धूळ व पाणी जाऊ नये म्हणून रबर बूट असतो आणि बऱ्याच जॉइंटना ग्रीस भरण्यासाठी निपल असते.

टाय रॉडच्या एका टोकास बहुधा उजवे आटे व दुसऱ्या टोकास डावे, म्हणजे उलटे आटे असतात. त्यामुळे रॉड फिरवून त्याची लांबी कमी-जास्त करता येते. मात्र याच कारणाने दोन्ही टोकांचे जॉइंट एकमेकांच्या जागी बसत नाहीत. खरेदी करताना ही गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी.

काही ट्रॅक्टरमध्ये दोन्ही चाकांना जोडणारा एकच टाय रॉड व स्टिअरिंग पेटीकडून येणारी एक ड्रॅग लिंक असते. काहींमध्ये दोन्ही बाजूंना स्वतंत्र दोन रॉड असतात. नवीन ट्रॅक्टरमध्ये ॲक्सलवर तेलाच्या दाबाने चालणारा सिलिंडर असतो. रचना कोणतीही असो, चाकाला जोडणारा शेवटचा सांधा बॉल जॉइंटच असतो व त्याच्या तपासणीची पद्धत जवळजवळ सारखीच आहे.

जॉइंट लवकर का झिजतो

१) रबर बूट फाटणे : हे सर्वांत मोठे कारण होय. बूट फाटला की चिखलणीतील गाळ, उन्हाळ्यातील धूळ व धुतानाचे पाणी आत जाते. बारीक मातीचे कण ग्रीसमध्ये मिसळून गोळा घासून काढतात.

२) ग्रीस वेळेवर न भरणे : ग्रीस नुसते वंगण नाही. ते आतील घाण बाहेर ढकलते व पाण्याला अटकाव करते.

३) उभ्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जोराने फिरविणे : ट्रॅक्टर जागेवर उभा असताना चाके वळविल्यास सांध्यांवर फार ताण येतो. किंचित पुढे-मागे सरकत वळविल्यास हा ताण बराच कमी होतो.

४) पुढील बाजूस जादा वजन : लोडर किंवा जादा वजने कायम बसवून ठेवल्यास जॉइंट, किंग पिन व बेअरिंग ही तिन्ही लवकर झिजतात. गरज संपताच वजने काढून ठेवावीत.

५) चुकीची जुळवणी : पुढील चाके योग्य कोनात नसतील तर टायर रस्त्यावर घासत चालतो व त्याचे धक्के जॉइंटवर येतात.

ढिलाईच्या खुणा

चालकाने खालील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

- सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे सावरावे लागते.
- ठराविक वेगात पुढील चाके थरथरतात.
- खड्ड्यातून जाताना पुढून खट्-खट् आवाज येतो.
- पुढील टायरच्या नक्षीच्या कडा एका बाजूने धारदार व दुसऱ्या बाजूने गोलसर होतात.
- साध्या स्टिअरिंगमध्ये चाके हलण्यापूर्वी स्टिअरिंगचे चक्र बरेच मोकळे फिरते. चक्राच्या परिघावर साधारण २.५ ते ५ सें.मी. मोकळीक चालते. त्यापेक्षा जास्त असल्यास कारण शोधावे.

ज्यांच्याकडे पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर आहे त्यांनी अधिक सावध राहावे. या व्यवस्थेत तेलाचा दाब चाके वळवितो, त्यामुळे सांध्यातील ढिलाई चालकाच्या हाताला जाणवत नाही. स्टिअरिंग हलके आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजू नये. अशा ट्रॅक्टरचे जॉइंट डोळ्यांनी पाहून व हाताने हलवूनच तपासले पाहिजेत.

थोडी ढिलाई किती परिणाम करते हे हिशेबाने पाहू. स्टिअरिंग आर्मची लांबी १५ सें.मी. आणि पुढील टायरचा व्यास ७३ सें.मी. आहे असे धरा. टायरची कडा चाकाच्या मध्यापासून ३६.५ सें.मी. अंतरावर आहे, म्हणजे आर्मच्या जवळजवळ अडीच पट. म्हणून जॉइंटमध्ये फक्त २ मि.मी. ढिलाई असली तरी टायरची पुढील कडा सुमारे ५ मि.मी. हेलकावे खाते. एका टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे जॉइंट झिजले असतील तर ही ढिलाई एकमेकीत मिळविली जाते.

तपासणीची पद्धत

ट्रॅक्टर सपाट व टणक जागेवर उभा करावा, ट्रॉली सोडावी, अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. मागील चाकांच्या पुढे व मागे लाकडी पाचरी लावाव्यात. सांध्यांवरील चिखल खरवडून फडक्याने पुसून घ्यावा.

पहिली तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी. साधे स्टिअरिंग असल्यास मदतनिसाने चक्र थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे हलवावे. आपण जॉइंटवर तळहात असा ठेवावा, की बोटे आर्मवर व अंगठा रॉडवर येईल. जॉइंट चांगला असेल तर रॉड व आर्म एकदमच हलतात. आधी रॉड हलून मग आर्म हलत असेल तर जॉइंट झिजला आहे.

दुसरी तपासणी चाक उचलून करावी. ॲक्सलच्या टोकाजवळ जॅक लावून एक चाक जमिनीपासून तीन-चार सें.मी. उचलावे व ॲक्सलखाली पक्का स्टँड किंवा रुंद लाकडी ठोकळे द्यावेत. आता चाक डाव्या व उजव्या बाजूला, घड्याळातील नऊ व तीनच्या जागी धरून हलवावे. मोकळीक जाणवल्यास मदतनिसाने कोणता सांधा हलतो ते पाहावे. नंतर तेच चाक वर व खाली, म्हणजे बारा व सहाच्या जागी धरून हलवावे. या दिशेने मोकळीक असेल तर दोष बहुधा हबच्या बेअरिंगमध्ये किंवा किंग पिनच्या बुशमध्ये असतो. हा फरक न तपासता केवळ बॉल जॉइंट बदलल्यास खर्च होऊनही थरथर तशीच राहते.

जॉइंट हाताने स्पष्टपणे वर-खाली किंवा आडवा खळखळत असेल, स्टड कुठल्याही बाजूस अडकत असेल, किंवा बूट फाटून आत गंज दिसत असेल तर तो बदलावा. बूट नुकताच फाटला असून सांधा घट्ट असेल तर नुसता बूट बदलून ग्रीस भरले तरी चालते.

नवीन जॉइंट घेताना

जुना जॉइंट काढण्यापूर्वीच नवीन आणून ठेवावा. दुकानात ट्रॅक्टरचा प्रकार, उत्पादनाचे वर्ष व बाजू सांगावी. खालील बाबी पडताळून पाहाव्यात.

- आटे उजवे की डावे, तसेच आट्यांची जाडी.
- स्टडचा निमुळतेपणा व लांबी. दिसायला सारखे पण वेगळ्या निमुळतेपणाचे जॉइंट बाजारात मिळतात. ते वरवर बसतात, पण प्रत्यक्षात छिद्राच्या एकाच कडेवर टेकतात व काही दिवसांत छिद्र मोठे करतात.
- सोबत नवा कॅसल नट, स्प्लिट पिन, बूट व निपल आहे किंवा नाही.
- हातात धरून स्टड फिरविला असता तो सर्व बाजूंनी सारख्याच जोराने फिरावा. नवीन जॉइंट घट्टच असतो. सहज डुलणारा नवीन जॉइंट घेऊ नये.

एका रॉडवरील एक जॉइंट झिजला असेल आणि दुसऱ्याचेही वय तेवढेच असेल, तर दोन्ही एकदम बदलणे हिताचे. जुळवणीचे काम दोनदा करावे लागत नाही. जॉइंटची किंमत पुढील एका टायरच्या मानाने फार थोडी असते, आणि ढिल्या जॉइंटवर टायर लवकर संपतो.

लागणारे साहित्य

जॅक, दोन मजबूत स्टँड किंवा रुंद लाकडी ठोकळे, पाचरी, योग्य मापाचे रिंग पान्हे, पाइप पान्हा, पक्कड, दोन जड हातोड्या, शक्य असल्यास बॉल जॉइंटचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडविणारे तेल, मोजपट्टी, खडू, ओळंबा, ग्रीस गन व लिथियम ग्रीस. पुलर गावातील गॅरेजमधून काही तासांसाठी मागून आणता येतो.

सुरक्षिततेची पूर्वतयारी

ट्रॅक्टरचा पुढील ॲक्सल मध्यभागी एका पिनवर झुलता असतो. त्यामुळे पुढील सांगाड्याखाली मध्यभागी जॅक लावून ट्रॅक्टर उचलल्यास ॲक्सल व ट्रॅक्टर एकमेकांवर डोलू शकतात. मध्यभागी उचलावयाचे झाल्यास ॲक्सल व सांगाडा यांमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून डोलणे आधी बंद करावे. घरच्या कामासाठी एका वेळी एकच बाजू थोडी उचलणे अधिक सुरक्षित होय.

केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये. विटा व पोकळ सिमेंटचे ठोकळे आधारासाठी वापरू नयेत. ते वजनाखाली एकाएकी फुटतात. हातोडीने ठोकताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जॉइंट बदलण्याची कृती

१) आट्यांवर व नटांवर तारेचा ब्रश मारून आदल्या दिवशी संध्याकाळीच गंज सोडविणारे तेल सोडावे. यामुळे दुसऱ्या दिवशीचे निम्मे श्रम वाचतात.

२) रॉडवर जॉइंटपासून काही अंतरावर खडूने किंवा छिन्नीने बारीक खूण करावी. त्या खुणेपासून स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. बाहेर किती आटे दिसतात तेही मोजावे. हे माप पुढे फार उपयोगी पडते.

३) चेक नट किंवा क्लॅम्पचा बोल्ट अर्धा फेरा सैल करावा. रॉड पाइप पान्ह्याने धरून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या जॉइंटवर ताण येणार नाही. उलटे आटे असतील तर नट उलट्या दिशेने सुटतो हे विसरू नये.

४) स्प्लिट पिन सरळ करून पक्कडीने ओढून काढावी. कॅसल नट सैल करावा, परंतु पूर्ण न काढता तीन-चार आट्यांवर ठेवावा. स्टड सुटताना रॉड अंगावर येत नाही व आटेही शाबूत राहतात.

५) पुलर लावून स्क्रू घट्ट करावा. पुलर ताणलेला असताना आर्मच्या डोळ्यावर बाजूने एक ठोका दिला की स्टड सहसा सुटतो. पुलर नसल्यास डोळ्याच्या एका बाजूस एक जड हातोडी टेकवून धरावी व समोरच्या बाजूस दुसऱ्या हातोडीने जोरकस ठोके द्यावेत. ठोक्याने डोळा क्षणभर किंचित दबतो व निमुळता स्टड मोकळा होतो. स्टडच्या टोकावर सरळ हातोडी मारू नये. आटे चेपतात आणि स्टड सुटत नाही.

६) नट काढून स्टड बाहेर घ्यावा. जॉइंट रॉडमधून फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजून लिहावेत.

७) आर्मचे निमुळते छिद्र फडक्याने स्वच्छ पुसावे. छिद्र अंडाकृती झाले असेल, त्यात कडा पडली असेल किंवा बारीक चीर दिसत असेल तर आर्म बदलावा. झिजलेल्या छिद्रात नवा जॉइंट टिकत नाही. रॉड वाकलेला असेल तर तोही बदलावा. गरम करून सरळ करू नये.

८) नव्या जॉइंटच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून मोजलेल्या फेऱ्यांइतका तो रॉडमध्ये फिरवावा. नवा जॉइंट जुन्यापेक्षा लांब किंवा आखूड असू शकतो. म्हणून फेऱ्यांपेक्षा खुणेपासून स्टडच्या मध्यापर्यंतचे मूळ माप जुळविणे महत्त्वाचे. रॉडमध्ये आटे किमान आट्यांच्या जाडीइतके, शक्यतो दीडपट आत गेले पाहिजेत.

९) स्टडचा निमुळता भाग व छिद्र कोरडे ठेवावे, तेथे ग्रीस लावू नये. स्टड छिद्रात बसवून हाताने दाबावा. तो डुलता कामा नये. नट घट्ट करताना स्टडच फिरू लागल्यास जॉइंटच्या पाठीवर पहार किंवा लहान जॅक लावून तो छिद्रात दाबून धरावा, म्हणजे नट घट्ट होतो.

१०) नट ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाइतका घट्ट करावा. खाच व छिद्र समोरासमोर आले नाही तर नट आणखी थोडा घट्ट करून पुढची खाच जुळवावी. पिन घालण्यासाठी नट मागे सैल करू नये. नवी स्प्लिट पिन घालून तिची टोके वाकवावीत. जुनी पिन, खिळा किंवा तार वापरू नये.

११) नवे ग्रीस बुटाच्या कडेने दिसू लागेपर्यंत भरावे. बूट फुग्यासारखा फुगविल्यास तो फाटतो.

चेक नट मात्र अजून पूर्ण घट्ट करू नये. त्यापूर्वी चाकांची जुळवणी करावयाची आहे.

टो-इन मोजणे

वरून पाहिल्यास पुढील दोन्ही चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे किंचित झुकलेली असतात. या झुकावास टो-इन म्हणतात. चालताना सांध्यांतील स्वाभाविक मोकळीक भरून निघावी व चाके समांतर धावावीत हा त्याचा हेतू आहे. दोन चाकांच्या ओढीच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ते साधारण ३ ते ६ मि.मी. असते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. चार चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरचा आकडा वेगळा असू शकतो.

मोजण्यापूर्वी दोन्ही पुढील टायरमध्ये हवा सारखी भरावी. चाके सरळ करून ट्रॅक्टर दोन-तीन मीटर पुढे सरकवून थांबवावा. दोन्ही टायरच्या पुढील बाजूस, हबच्या उंचीवर, टायरच्या मध्यरेषेवर खडूने खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मोजावे. नंतर चाके बरोबर अर्धा फेरा फिरतील एवढा ट्रॅक्टर पुढे न्यावा. त्याच खुणा आता मागील बाजूस हबच्या उंचीवर येतात. तेथे पुन्हा अंतर मोजावे. एकाच खुणेवर दोन्ही वेळा मोजल्याने रिम थोडी वाकडी असली तरी मापात चूक होत नाही. मध्ये इंजिनचा तळ आडवा येत असल्यास खुणांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी व जमिनीवर माप घ्यावे. अशा वेळी पुढील मापही ओळंब्यानेच घ्यावे.

उदाहरणार्थ, मागील माप १,३१६ मि.मी. व पुढील माप १,३१२ मि.मी. आले, तर टो-इन ४ मि.मी. झाले. पुढील माप मागीलपेक्षा जास्त आल्यास चाके बाहेर फाकलेली आहेत असे समजावे.

टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केल्याने टो-इन वाढते व आखूड केल्याने कमी होते. रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर याच्या उलट होते. वर दिलेल्या मापांच्या ट्रॅक्टरमध्ये रॉडची लांबी १ मि.मी. बदलली तर टो-इन सुमारे ५ मि.मी. बदलते. म्हणून रॉड एकदम पूर्ण फेरा न फिरविता थोडा-थोडा फिरवून पुन्हा मोजावे. दोन स्वतंत्र रॉड असतील तर दोन्ही बाजूंना सारखा बदल करावा. अन्यथा स्टिअरिंग सरळ असूनही ट्रॅक्टर एका बाजूस वळण कमी घेतो.

माप जुळल्यावर दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच पातळीत आहेत हे पाहून चेक नट व क्लॅम्प घट्ट करावेत. चाके पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून रॉड किंवा पाइप कोठे घासत नाही याची खात्री करावी. ज्यांच्या ट्रॅक्टरला सरकता पुढील ॲक्सल आहे त्यांनी पिकाच्या ओळींप्रमाणे चाकांतील अंतर बदलल्यावरही प्रत्येक वेळी टो-इन मोजावे.

पहिली चाचणी मोकळ्या जागेत, ट्रॉलीशिवाय व कमी वेगात घ्यावी. दहा तास काम झाल्यावर नट, पिन व चेक नट पुन्हा पाहावेत.

हे उपाय टाळावेत

ढिल्या जॉइंटची वाटी ठोकून आवळणे, आत पत्र्याची चकती घालणे, स्टड आर्मला वेल्डिंग करणे, सुटत नाही म्हणून गॅसने आर्म लाल करणे असे प्रकार पाहावयास मिळतात. आर्म व स्टड हे घडवून कडक केलेल्या पोलादाचे असतात. उष्णता दिल्यास त्यांची ताकद कमी होते आणि ते बाहेरून न दिसता ठिसूळ किंवा मऊ होतात. ज्या भागावर चालकाचा व मडगार्डवर बसणाऱ्याचा जीव अवलंबून आहे, तेथे काटकसर करू नये. मुळात मडगार्डवर कोणालाही बसवू नये.

पिकअप व जीपविषयी

भाजीपाला व दूध नेण्यासाठी अनेकांकडे पिकअप आहे. तिच्या टाय रॉडचे जॉइंट वरील पद्धतीनेच बदलता येतात. परंतु ज्या गाड्यांत पुढील प्रत्येक चाकाला वर व खाली स्वतंत्र आर्म असतात, तेथे आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट केवळ चाक वळवीत नाहीत. त्यांतील एक गाडीचे वजनही पेलतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असल्यास हा भार खालच्या जॉइंटवर येतो. असा जॉइंट निखळल्यास चाक आडवे पडते व गाडी जागच्या जागी कोसळते.

स्प्रिंग खालच्या आर्मवर असलेल्या गाडीत तपासणीसाठी जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावावा. चेसिसखाली लावल्यास स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते व ढिलाई लपून राहते. चाक वर-खाली धरून हलविताना मदतनिसाने ब्रेक दाबावा. ब्रेक दाबल्यावर मोकळीक नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर जॉइंटचा समजावा.

येथे घरी करावयाचे काम तपासणीपर्यंतच ठेवावे. दबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते. आर्मखाली पक्का आधार नसताना स्टड सुटला तर आर्म प्रचंड वेगाने खाली येतो व गंभीर इजा होते. शिवाय काही जॉइंट प्रेसने दाबून बसविलेले, तर काही रिव्हेट केलेले असतात. असे काम प्रेस व स्प्रिंग दाबण्याचे साधन असलेल्या कार्यशाळेतच करून घ्यावे व नंतर यंत्रावर चाकांची जुळवणी करावी.

नियमित देखभाल

- साधारण दर ५० तासांनी, आणि चिखलणीच्या दिवसांत रोज काम संपल्यावर, सर्व निपलना ग्रीस द्यावे. ग्रीस देण्यापूर्वी निपल पुसून घ्यावे.
- ट्रॅक्टर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना नळी सरळ बुटावर धरू नये.
- ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळी कामे संपल्यावर, असे वर्षातून दोनदा चाक उचलून सर्व सांधे तपासावेत.
- रोज सकाळी इंजिन तेल पाहताना स्प्लिट पिना जागेवर आहेत का, हे एक नजर टाकून पाहावे.
- तपासणीची तारीख, तास व टो-इनचे माप वहीत नोंदवावे. माप आपोआप बदलत असेल तर कोठेतरी झीज सुरू झाली आहे.

सारांश

चाक हलवून पाहणे, बूट तपासणे व पिन पाहणे या तीन गोष्टींना दहा मिनिटे लागतात. ढिलाई आढळल्यास भरलेली ट्रॉली जोडण्यापूर्वी जॉइंट बदलावा, नवी स्प्लिट पिन घालावी व टो-इन मोजल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये. चाळीमध्ये साठवलेला कांदा किंवा तोडलेला ऊस एक दिवस थांबू शकतो, रस्त्यावर सुटलेले चाक थांबत नाही.